साक्रीच्या पुढे सर उलटे उभे होते

साक्रीकडचे डोंगर बघायचे असतील तर थंडीत जा. आम्ही मार्चात गेलो होतो, आणि तेही डोंगर बघायला नाही, मोजायला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी जळगावला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सर्व्हे कॅम्पसाठी पोरांनी महाबळेश्वर सुचवलं. बोरसे सरांनी डोक्यावरची कापडी हॅट नीट केली आणि म्हणाले, "ते इंग्रजांनी मोजून ठेवलंय." ठरलं, साक्रीच्या पुढचं बिनरस्त्याचं एक गाव. सर कधी हसत नसत आणि हॅट काढत नसत. झोपताना तरी काढतात का, यावर होस्टेलात पैजा लागायच्या.

माझं मात्र सगळं या कॅम्पवर अडलं होतं. काम अर्धवट राहिलं तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि धुळ्याच्या एका कंत्राटदाराने "पास झालास की ये" म्हणून सांगून ठेवलं होतं. अमळनेरला आमच्या आबांना तेवढाही धीर नव्हता. पोरगा साहेब झाला, असं त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं होतं.

जळगावहून एस.टी. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाते. आमच्या तिवया आणि लाल-पांढऱ्या काठ्या बघून शेजारच्या शेतकऱ्याने विचारलं, "सर्कस कथा शे भो?" कथा म्हणजे कुठे.

"साक्रीले," माझा मित्र विलास म्हणाला.

"मंग वाघ कथा शे?"

विलासने पुढच्या सीटवरच्या सरांकडे बोट दाखवलं. नशीब, सरांना डुलकी लागली होती.

धुळ्याला स्टँडजवळच्या खानावळीत शेवभाजी खा. तेव्हा पाच-सहा रुपयांत पोट भरायचं, आणि रश्श्याने डोळ्यांत आलेलं पाणी फुकट. साक्रीला बाजाराचा दिवस होता, म्हणून परत निघालेल्या ट्रकमध्ये जागा मिळाली. तुम्हीही बाजाराचा दिवस बघूनच जा, आणि हाडं सांभाळा.

मुक्काम शाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या वाटेवर तिवईवर मोजणीची दुर्बीण लावली. त्या काळच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. आम्हाला त्याची इतकी सवय होती की त्यात काही वावगं आहे हेच आम्ही विसरलो होतो. विलासने मोठ्या मनाने एका गावकऱ्याला आत बघू दिलं. नेमकी समोरून त्याची बायको हंडा घेऊन येत होती. डोकं खाली, पाय आभाळात. तो माणूस तडक गावात गेला.

दुर्बिणीत बाया उलट्या दिसतात, मग लुगड्यांचं काय, अशी कुजबुज गावभर झाली आणि थोड्या वेळाने विहिरीवर चिटपाखरू उरलं नाही. मग पुरुष मंडळी आली आणि शांतपणे म्हणाली, "सामान बांधा." मला कंत्राटदार दिसेना, आबाच दिसायला लागले.

सरांनी भिंगाचा नियम समजावून सांगितला. आमच्या वर्गालाही तो पहिल्यांदा कळला नव्हता. तेवढ्यात सखुअक्का पुढे आल्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातून जन्मलेली, त्यामुळे त्या बोलल्या की बाकीचे गप्प बसत.

"आमन्या बाया उलट्या दखातस," त्या म्हणाल्या, "मंग तुमना सायेबले बी उलटा दखाडा."

सरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, उंच मोजपट्टी उचलली आणि भर उन्हात दूर जाऊन ताठ उभे राहिले. तिथून ओरडले, "फोकस नीट करा, चेहरा ओळखू आला पाहिजे."

अक्कांनी डोळा लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"पुरा उलटा शे," त्या म्हणाल्या, "पन टोपी पडनी नही."

मग काय, सगळं गाव रांगेला लागलं. सुना आल्या, म्हातारे आले, सकाळचा तो गावकरी बायकोलाच घेऊन आला. कुणीतरी सांगितलं, चालून दाखवा. सर चालले. तेव्हा गाव पोट धरून हसलं आणि आम्ही तोंडं लपवून. रांग संपेपर्यंत सर सावलीत आले नाहीत. हसता हसता मला त्यांच्याबद्दल माया वाटली, हे खरं.

शेवटी अक्कांनीच निकाल दिला, "काचना खेळ शे. मोजू द्या पोरेसले." आणि सरांना ताक पाठवलं. आमचं काम पूर्ण झालं.

अमळनेरला घरी पोचलो तर आबांनी विचारलं, "काय शिकना?" मी सरांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "एवढासाठे कॉलेज?"

पास झालो, धुळ्याची नोकरी लागली. पहिल्याच साइटवर दुर्बिणीभोवती कुजबुज सुरू झाली. मी यंत्र मदतनिसाकडे दिलं, पट्टी घेतली आणि समोर उन्हात जाऊन उभा राहिलो. साक्रीकडचा किस्सा ऐकलेल्या एका नानांनी डोळा लावला, निरखून बघितलं आणि मान हलवली.

"मजा नही," ते म्हणाले. "टोपी पायजे."

पहिल्या पगारात आईला लुगडं घेतलं आणि धुळ्याच्या बाजारातून स्वतःला एक कापडी हॅट.