समोरची पाठ

माझ्या मानेत एक धातूची पट्टी आणि चार स्क्रू आहेत, त्यामुळे मला खाली पाहता येत नाही. समोर आणि वर दिसतं, पण स्वतःचे पाय पाहायचे तर कमरेतून वाकावं लागतं. देवापुढे वाकायला मला नेहमीच कंटाळा यायचा, आता न वाकता काहीच दिसत नाही, असं मी गमतीनं म्हणते. पण त्या दिवसांत गंमत सुचत नव्हती. मी भ्यालेली होते, आणि ही सगळी हकीकत त्या भीतीचीच आहे.

आमचं घर देवासचं. पूर्वज पवारांच्या बरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. माझं शिक्षण हिंदीत झालं, मराठी छापील पान वाचताना अजून ओळीखाली बोट धरते. हे लिहिलेलं आई तपासून देणार आहे. घरी मात्र कुळाचार जसाच्या तसा राहिला. टेकरीवरची बडी माता म्हणजे तुळजाभवानी, ती आमची कुलदेवी. नवरात्रात तिची ओटी भरायची आणि आल्या वाटेनं उतरायचं. टेकरीवर दुसरी देवीही आहे, चामुंडा, छोटी माता. दोघी बहिणी. एकदा त्यांचं भांडण झालं आणि दोघी पाठ फिरवून टेकरी सोडून निघाल्या, मग मारुती आणि भैरवानं विनवणी करून त्यांना होत्या तिथेच थांबवलं, असं इथं सांगतात. म्हणून दोघींचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं सगळा माळवा मानतो. आमच्या घरानं तेवढं मानलं नाही. कुलदेवी एकच असते, असं आई म्हणायची, आणि छोटी मातेला आम्ही वाटेवरूनच हात जोडायचो. मी तर तेही आईच्या धाकानं करत असे.

मंजू माझी मैत्रीण, धारची. बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो. ती मुलींना खेळ शिकवते, तलावात पोहत वाढलेली, पाण्याला न घाबरणारी. चाळिशी उलटल्यावर तिच्या डोक्यात आलं की एकदा लाटेवर उभं राहायचं. कर्नाटकातल्या एका लहान गावी पाच दिवसांचा सर्फिंगचा वर्ग होता. मी नको म्हटलं, तिनं तिकिटं काढली. पहिले दोन दिवस मी फळीवरून नुसती पडत होते आणि दोघी पोट दुखेपर्यंत हसत होतो. इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फळीचं टोक पाण्यात घुसलं आणि मी डोक्यावर आपटले. खाली पाणी कमरेएवढंही नव्हतं, वाळू होती. मानेत एक आवाज झाला. तो बाहेर कुणाला ऐकू आला नसेल, मला आला. मग मी पाण्यात तोंड खाली करून तरंगत होते आणि हात हलवायला गेले तर हात माझे नव्हते. श्वास संपत आला होता आणि उलटून वर पाहावं एवढंही माझ्या हातात उरलं नव्हतं.

मंजूनं मला उताणं केलं आणि काठावर ओढलं. लोक जमले. कुणी म्हणे पाणी पाजा, कुणी म्हणे उठवून बसवा. मंजूनंही माझ्या खांद्याखाली हात घातला होता. तेवढ्यात एक बाई ओरडत आली. पुढे वाळूवर ती मासळी वाळत घालत होती म्हणे. तिची भाषा आम्हा दोघींना येत नव्हती. तिनं सगळ्यांचे हात झटकले, माझ्या डोक्याशी ओल्या वाळूत बसली, माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि कोपरं आपल्या मांड्यांवर रोवली. तिच्या हातांना सुक्या मासळीचा वास होता. शाकाहारी घरात वाढलेल्या मला एरवी तो सोसला नसता. त्या वेळी माझ्या शरीरात तेवढाच भाग जिवंत होता, आणि तिनं तो सोडू नये एवढंच मला कळत होतं.

गाडी यायला पाऊण तास लागला. भरती चढत होती. पाणी पायांना लागत असणार, पण मला कळत नव्हतं. ते कमरेपर्यंत आलेलं मी लोकांच्या बोलण्यावरून ओळखलं. मला हलवता येत नव्हतं, आणि लाट तोंडावरून गेली तर मान वळवता येणार नव्हती. तेव्हा मंजू माझ्या आणि समुद्राच्या मध्ये येऊन बसली. आधी तिनं एकदा वाकून माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या माळवीत म्हणाली,

“हिल मत, बई. म्हूं यां बैठी हूं.”

मग येणारी लाट दिसावी म्हणून ती समुद्राकडे तोंड करून बसली. लाटा तिच्या छातीवर फुटत होत्या. मला वर पाहिलं की त्या बाईचं उलटं तोंड दिसे, आणि डोळे फिरवले की मंजूची पाठ. मी देवीची आरती आठवायला गेले, लहानपणापासून पाठ असलेली, आणि एकही ओळ आठवेना. नुसतं ‘माताजी, माताजी’ करत राहिले. कुठल्या माताजीला हाक मारतेय हे मलाही ठाऊक नव्हतं.

मोठ्या शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, मान कुणी धरली होती? उठवून बसवलं असतं तर पुढचं काही करता आलं नसतं, असं ते शांतपणे म्हणाले. मंजूनं शिकवणाऱ्या सरांना फोन करून त्या बाईचं नाव काढायला सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा चौकशी केली. ती पलीकडच्या कुठल्याशा गावची असावी, त्या आधी वा नंतर त्या किनाऱ्यावर कुणी तिला पाहिलं नव्हतं. मी यातून काही सिद्ध करत नाही. मला ते हात आठवतात, एवढंच सांगते.

तीन आठवड्यांनी मला देवासला आणलं. खिडकीतून टेकरी दिसेल अशी माझी खाट लावली होती. पाय थोडे हलायला लागले होते, पण उभं राहता येईल की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. आई सत्तरीची. ती मला कुशीवर वळवायची, माझं सगळं करायची, आणि करताना तिचा श्वास फुलायचा तो मी ऐकत पडायचे. दुपारी ती डुलकी घेई तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटे. ही उठलीच नाही तर? मला हिच्यापर्यंत जाताही येणार नाही. त्या भीतीपुढे देव नव्हता, कुणीच नव्हतं. आईनं मात्र नवस बोलून टाकला, माझी लेक आपल्या पायांनी टेकरी चढून तुझी ओटी भरेल आणि आपल्या पायांनी उतरेल. मला तिचा रागच आला.

राग कुठेतरी निघायचा होता, तो मंजूवर निघाला. ती दर रविवारी धारहून इंदूरला गाडी बदलून येत असे, माझे पाय चोळी, शाळेतल्या गमती सांगे. एका रविवारी ती म्हणाली, तू चालायला लागलीस की पुन्हा समुद्रावर जाऊ. तिला मला हसवायचं होतं. मी तिला सांगितलं, माझी ही दशा तू केलीस, मला तुझं तोंडही पाहायचं नाही. तिनं तेलाची बाटली झाकण लावून ठेवली आणि गेली. मी भिंतीकडे तोंड केलं, तेवढं आता जमत होतं. त्यानंतर ती आली नाही, निदान माझ्या खोलीत आली नाही.

पायांत हळूहळू बळ आलं. आधी खाटेच्या कडेला बसले, मग वॉकर, मग काठी. आठ महिन्यांनी मी टेकरीला निघाले. सोबत कुणीतरी भरवशाचं घेऊन जा, असं फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं. सोबत न्यावं असं जे माणूस होतं त्याला मीच हाकललं होतं. आईचे गुडघे गेलेले, म्हणून ती रोपवेनं वर गेली आणि मी पायऱ्यांनी, थांबत थांबत. चढताना पुढची पायरी डोळ्यांसमोर असते, त्यामुळे फारसं जड गेलं नाही. बडी मातेची ओटी मी माझ्या हातांनी भरली. खण, नारळ, तांदूळ. आई रडली. मीही रडले, पण खरं सांगते, तेव्हाही मनात कृतज्ञतेपेक्षा घाईच जास्त होती. आईला रोपवेकडे पाठवून मी घरच्या रिवाजाप्रमाणे आल्या वाटेनं उतरायला वळले.

पहिल्या पायरीशी मी गोठले. मान वाकत नव्हती, त्यामुळे पायरी दिसत नव्हती, आणि तळव्यांना अजून पुरती जाणीव नव्हती, त्यामुळे ती लागतही नव्हती. समोर नुसती हवा आणि खाली शहराची छपरं. वाकून बघावं तर तोल जाई. वाळूवर आपटतानाचा तो मानेतला आवाज मला पुन्हा ऐकू आला. लोक बाजूनं उतरत होते आणि मला कुणाला हाक मारता येईना.

हार विकणारी एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत होती. तिनं हातानं दुसरी वाट दाखवली. “बई, वां से जाव. छोटी माता आड़ी ढाल है, पेड़ी कम है.”

छोटी मातेच्या बाजूला उतार होता, पायऱ्या कमी, पण मी इतक्या वर्षांत त्या वाटेनं गेले नव्हते. कठड्याला धरत, पाय घासत गेले. देवळापाशी पोचले तेव्हा गर्दी फार नव्हती. आमच्या घराला जिचं कधी काही घ्यावंसं वाटलं नाही त्या देवीसमोर मी रिकाम्या हातांनी उभी राहिले, कारण ओटी एकच आणली होती. लाज वाटली. मी म्हटलं, मला आणता आलं नाही, मला उतरताही येत नाही. नमस्कार करून वळले तर खांबाशी मंजू बसली होती. तो रविवार होता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ती दर रविवारी येतच होती. धारहून निघायची, इथं वर येऊन बसायची, आणि उतरताना आमच्या दाराशी आईच्या हातात प्रसादाची चिरोंजी, म्हणजे साखरेचे पांढरे दाणे, देऊन परत जायची. आई ती दुकानातली म्हणून मला देत होती, आणि मी सहा महिने छोटी मातेचा प्रसाद न जाणता खात होते. हे सगळं आईनं मला घरी गेल्यावर सांगितलं. तिथं मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “मुझे नीचे का दिखता नहीं है, मंजू.”

ती उठली, माझ्या पुढे एक पायरी खाली जाऊन उभी राहिली, आणि माझा हात घेऊन आपल्या खांद्यावर ठेवला.

“नीचे मत देख. म्हारी पीठ देख, ने चाल.”

ती पुढे, मी तिच्या पाठीकडे बघत, अशा आम्ही उतरलो. उतार संपून पायऱ्या लागल्या तेव्हा तिचा खांदा खाली गेला की माझा पाय खाली जाई. भीती गेली नव्हती, पार खालपर्यंत ती माझ्याबरोबर होती. पण मी किनाऱ्यावर पाहिलेली पाठ हीच होती, लाटा अंगावर घेणारी, आणि सहा महिने मी समजत होते की तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. फिरवली होती ती मी.

आता आम्ही टेकरीवर तीन ओट्या नेतो. एक बडी मातेची, एक छोटी मातेची, ती आई स्वतः भरते. तिसरी वाटेत जी पहिली अनोळखी बाई भेटेल तिच्या पदरात घालतो, मासळीचा वास असलेल्या त्या हातांच्या नावानं. मग आई रोपवेनं जाते आणि मी मंजूमागे उतरते. उतरायला लागले की आजही पहिल्या पायरीशी थांबते. मी स्वतःला सोपवणं म्हणाल तर ते इतकंच आहे, की पायरी दिसत नाही तरी मी पाय टाकते, कारण समोर पाठ आहे.