दोन उंबरे राहिले

लातूरला क्लासेसच्या गल्लीत उभं राहिलं की चारी बाजूंनी पोरांचे फोटो अंगावर येतात. अमक्याला शंभरपैकी शंभर, तमकीचा मेडिकलला नंबर. त्या फोटोंच्या खाली, दोन पायऱ्या उतरून, रेवणसिद्धआप्पांचं टायपिंगचं दुकान होतं. सरांनी हातानं लिहिलेल्या नोट्स आणायच्या, आप्पांनी टाइप करायच्या, पोरांनी झेरॉक्स काढून पाठ करायच्या. फिजिक्स, बायॉलॉजी सगळं आपल्या बोटांखालून गेलं, डोक्यात मात्र काही शिरलं नाही, असं ते स्वतःच सांगत. वय अठ्ठावन्न, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. मूलबाळ नव्हतं आणि बायको गंगम्मा त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. या भागात एवढं सांगितलं की माणसं पुढचं विचारत नाहीत.

त्यांना ब्लॉगचा नाद लावला अनंतराव सरांनी. सर नांदेडचे, रिटायर झाल्यावर इथल्या एका क्लासला शिकवायला आलेले. नोट्स टाइप होईपर्यंत दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते आपला ब्लॉग उघडून बसत.

"हे काय प्रकरण हाय, सर?" आप्पांनी एकदा विचारलं.

"वही समजा. फक्त पेटीत न ठेवता दारात ठेवलेली. येणारा-जाणारा वाचतो, वाटलं तर खाली दोन ओळी लिहून जातो. फुकट आहे."

"आन् लोक कशापायी लिवतात?"

"माझं म्हणाल तर घरात कुणी ऐकून घेत नाही म्हणून. भोकरचा एक जण आहे, तो जुन्या ज्वारीच्या वाणांवर लिहून राहिला. उदगीरची एक बाई सासूच्या हातचे पदार्थ लिहिते. सासू होती तोवर दोघींचं पटलं नाही." सर हसले, मग चष्मा पुसत म्हणाले, "कुणाला मिरवायचं असतं, कुणाला रडायचं असतं. पण पुष्कळांना एकाच माणसाला काहीतरी सांगायचं असतं, आप्पा, आणि तो माणूस कुठं आहे हे ठाऊक नसतं. मग सगळ्या जगाला सांगत सुटतात."

आठ दिवसांनी आप्पांनी ब्लॉग काढला. पहिलाच लेख चढवला तर अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसायला लागल्या. डीटीपीचा फॉन्ट तिथं चालत नाही. उभा जन्म अक्षरं जुळवण्यात गेलेल्या माणसाला नवा कीबोर्ड बाराखडीपासून शिकावा लागला. ब्लॉगचं नाव ठेवलं 'उंबरा'.

किल्लारीच्या पलीकडचं त्यांचं गाव दीडशे उंबऱ्यांचं होतं. एका उंबऱ्याला एक लेख, दर सोमवारी, असा त्यांनी नेम धरला. रडगाणं नाही, हळहळ नाही. कुणाच्या दाराला किती कड्या होत्या, कुणाचा रेडिओ थापट मारल्यावरच बोलायचा, व्यंकट लोहाराच्या दारातल्या चिंचेच्या खोडावर बसून गाव कसं दाढी करून घ्यायचं. वाचणारे भेटले. पुण्याला, हैदराबादला, सोलापूरला पांगलेली गावची माणसं खाली लिहू लागली, 'आमच्या आजोबांची काठी राहिली आप्पा, पितळी मुठीची.' वर्षानुवर्षं ज्याची वाट कुणी पाहिली नाही, त्या माणसाची लोक सोमवारी वाट पाहू लागले. आप्पांना ते बरं वाटलं, यात लपवण्यासारखं काही नाही.

मतदारयादीसारखं ते गल्ली गल्ली पुढं सरकत होते. मठाच्या गल्लीत अकरा घरं होती. त्यांनी नऊ लिहिली आणि एकदम वेशीकडं उडी मारली. राहिलेल्या दोन घरांतलं एक त्यांचं स्वतःचं आणि दुसरं भिंतीला भिंत लागून असलेलं, कमलम्माचं. लोकांनी विचारलं, तर 'लिवतो' एवढंच उत्तर.

मग दोन हजार दहाच्या जुलैत एक प्रतिक्रिया आली. 'मी शिवानी. कमलम्मा माझी आई. भूकंपात आईबाबा दोघं गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते, म्हणून मला काही आठवत नाही. घरात फोटोसुद्धा नाही. आमचा उंबरा कधी लिहिणार? मी लातुरातच आहे, रिपीटर बॅचला.'

आप्पांनी शटर अर्धं ओढलं.

भूकंप झाला त्या पहाटे ते लातुरात होते, एका छापखान्यात खिळे जुळवायच्या कामावर. गावी पोचेस्तोवर दुपार झाली. गाव नव्हतंच. तिसऱ्या दिवसापर्यंत पाऊस आणि वास यांनी जीव नकोसा झाला. मिलिटरीच्या साहेबानं सांगितलं, ज्याचं माणूस ओळखू येईल त्यानं घेऊन जावं, उरलेल्यांना संध्याकाळी एकत्र अग्नी. आता लिंगायताच्या घरात मेलेलं माणूस जाळत नाहीत. त्याला बसतं करून, तळहातावर लिंग ठेवून, विभूती-बेल वाहून मातीत समाधी देतात. बायकोला डिझेल टाकून जाळणार, या विचारानं आप्पांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

त्या दिवशी आप्पांच्या आणि कमलम्माच्या घरांमधल्या ढिगाऱ्यातून एक बाई निघाली. चेहरा उरलेला नव्हता, गळ्यात लिंग होतं. "आपकी है?" साहेबानं विचारलं. आप्पांची नजर तिच्या मनगटाकडं गेली. तिथं भाजल्याचा जुना, रुपयाएवढा डाग होता. सणाच्या तळणात कमलम्माला भाजलं तेव्हा गंगम्मानंच त्यावर कोरफड लावली होती. कमलम्माचा नवरा ढिगाऱ्याखाली होता, पोरीला मामा उदगीरला घेऊन गेलेला. कमलम्माला मागायला कुणी नव्हतं. गंगम्मा काही आता सापडत नाही, निदान तिच्या नावाची एक समाधी तरी होईल, असं आप्पांच्या मनात आलं. आप्पांनी पदर ओढून ते मनगट झाकलं आणि म्हणाले, "हाव." साहेबाच्या वहीत नाव चढलं, गंगम्मा. मठाच्या अय्यांनी मंत्र म्हटले, समाधी झाली.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या स्वतःच्या घराची भिंत उचलली आणि गंगम्मा निघाली. तिलाही चेहरा नव्हता. पण डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती, ती आप्पांशिवाय कुणाला ठाऊक असणार? वही तीच, साहेब तोच, अय्या शेजारी उभे. कालचं खोटं होतं म्हणावं, तर समाधी उकरावी लागणार. आप्पा घाबरले. दुसरं काही नाही, नुसते घाबरले. बेवारस म्हणून ती ओढ्याकाठच्या सरणावर गेली आणि लाकडं रचणाऱ्यांत आप्पा होते. त्यानंतर सतरा वर्षं, दर अमावास्येला, ते कमलम्माच्या समाधीला गंगम्मा म्हणून बेल वाहत आले. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत ती त्यांना गंगम्माच वाटायला लागली होती. जगात तिच्या नावाची तेवढीच जागा उरलेली होती.

ती जागा सोडायची की पोरीला फसवायचं, एवढाच प्रश्न होता. आठवडाभर आप्पांनी दुकान उघडलं नाही. मग त्यांनी कमलम्माचा उंबरा लिहिला. तिचं हसणं, तिचं तळण, पोरीला कडेवर घेऊन गायीला भाकरी घालणं, आणि शेवटी मनगटाचं, पदराचं, वहीचं, काही न वगळता. खाली दुकानाचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी पाठीवर क्लासची बॅग घेतलेली एक मुलगी दोन पायऱ्या उतरून आली. वर्षभर ती इथंच झेरॉक्स काढत होती. आप्पांनी तिला कितीदा सुटे पैसे मागितले होते.

"कुठं आहे?" तिनं एवढंच विचारलं.

एस.टी.नं दोघं जुन्या गावाच्या शिवारात गेले. आप्पांनी भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातून पाथरवट बरोबर घेतला होता. समाधीच्या दगडावर हात ठेवून शिवानी बसली.

"मामी म्हणायची, तुझ्या आईला माती पण मिळाली न्हाई," ती म्हणाली. "मी परीक्षेला जाताना नमस्कार कुठं करायचा ते कळायचं न्हाई मला. तुम्ही एक शब्द बोलला असता तर?"

"हाव," आप्पा म्हणाले. "बोलाया पायजे होतं."

"आन् तुमच्या मालकीणबाई?"

आप्पांनी ओढ्याकडं हात केला. तिथं आता कुणाचं तरी सोयाबीन उभं होतं, गुडघ्याला लागेल एवढं.

पाथरवटानं विचारलं, जुनं नाव काढू का. आप्पांनीच मान हलवली. छिन्नी चालायला लागली. गंगम्मा हे नाव जायला पाव तासही लागला नाही. दगडावर नुसता पांढरा खड्डा राहिला आणि पाथरवट कमलम्माचा 'क' आखू लागला.

"आप्पा, मला जरा आईजवळ एकटीला बसायचंय," शिवानी म्हणाली.

आप्पा उठले. हातातल्या पिशवीत बेलाची पानं होती. ती घेऊन ते ओढ्याकडं चालत गेले आणि सोयाबीनच्या बांधावर थांबले. रान दूरवर सारखंच हिरवं होतं. सरण नेमकं कुठं रचलं होतं, ते त्यांना आठवेना. पानं कुठं ठेवावीत ते कळेना, म्हणून पिशवी तशीच हातात धरून ते उभे राहिले.