लिंबाचा पाला आणि माझे जंत

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी जंत पाळते, हे लोह्याच्या आमच्या घरात कुणाच्या पचनी पडत नव्हतं. "जलमभर कापसावरल्या अळ्या मारल्या म्या, आन् लेक किडे पाळून राहिली," असं आई शेजारणींना सांगायची. सांगताना तोरा मात्र केवढा!

जंत कसले, डोळ्यांना जेमतेम दिसायचे. त्यांच्या अंगात माणसाचा एक रिसेप्टर घातलेला, म्हणजे दुखण्यावरचं औषध शरीरात जिथं जाऊन चिकटतं ती जागा. नवं औषध दिल्यावर वळवळणारे जंत सुस्तावले, की ते माणसालाही लागू पडेल अशी आशा धरायची. आईला हाडांचा कॅन्सर होता. गोळ्यांनी ठणका थांबायचा, पण पोट पार बिघडायचं. "तुह्या किड्यांतून माझं औषध कवा निघंल?" ती रोज फोनवर विचारायची. "निघेल गं," मी म्हणायचे. खरं सांगायला जीभ रेटत नव्हती.

त्या मे महिन्यात प्रयोगशाळेतलं थंड कपाट बंद पडलं. उकाड्यात जंत मेले असते, म्हणून त्यांच्या बारा बशा डब्यात घालून मी एसटीनं घरी आणल्या. आईनं ओल्या वाळूत मोठं मडकं बसवलं, त्यात डबा ठेवला, वर भिजलं गोणपाट टाकलं. दोन दिवस आम्ही मायलेकी आंबे चोखत गप्पा हाणत बसलो. तसे दिवस आता मागून मिळत नाहीत.

तिसऱ्या दिवशी डबा उघडला, तर वरच्या दहाही बशांत लिंबाचा पाला! ज्वारीच्या कणगीत घालतात तसा. सगळीकडे बुरशी. मी घर डोक्यावर घेतलं. "अगं, हे किडेच आहेत! किड्यांना कीड लागू नये म्हणून पाला?" तळातल्या दोन बशांपर्यंत पाला पुरला नव्हता, तेवढ्यावर जंतांचा वंश टिकला.

आई भिंतीला टेकून बसली. "नासू नये म्हून घातला, माय. औषध लवकर निघावं."

तेव्हा मी सांगून टाकलं, की औषध व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तेही झालं तर.

"मंग आधी सांगायचं न्हाई का?" ती म्हणाली. "उगं रोज इचारून राहिले मी."

फोन पुढंही रोज यायचा. जेवलीस का, ऊन किती हाय, सगळं विचारायची. औषधाचं तिनं पुन्हा काढलं नाही, आणि मी मात्र रोज वाट बघायचे, की ती विचारेल.