पायलीभर उंची

केशोरीत टिकारामच्या कोठ्यात बैलजोडी होती तोवर वच्छलाबाईला त्या कोठ्याचा कधी राग आला नव्हता. पुढे बैल विकले, ट्रॅक्टर आला, आणि रिकाम्या कोठ्यात एक लाल विलायती गाडी येऊन बसली. दोघांपुरती, वर छत नसलेली, जुन्या काळी शर्यतीत धावायची म्हणे. गोंदियातली एक जुनी राइस मिल पाडत होते, तिच्या मागच्या अंगणात ती कोंड्याखाली पडून होती. टिकाराम धान विकायला गेला आणि येताना ट्रॉलीत ही भवानी घालून घेऊन आला.

"मंडईले तुले याच गाडीत नागऱ्याले नेतो," त्यानं त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं.

नवरा बोलला तर बोलला, वच्छलाबाईनं तरी गप्प बसावं की नाही? तिनं लगेच नागऱ्याला माहेरी फोन लावला. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, लेकी माहेरी येतात, तेव्हा आपण लाल गाडीतून उतरायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. भावजय सुलोचनाबाई फोनवर हसली. "या ना बाई, आमी बी पाहू तुमची विलायती गाडी!" ते हसणं वच्छलाबाईला झोंबलं. ती म्हणाली, "येईन तं गाडीतच येईन."

गाडी सुरू झाली, हे टिकारामचं कौतुकच. इंजिन त्यानं स्वतः खोललं, स्वतः बसवलं. घोडं अडलं ते चाकांवर. चाकं केवढी घालायची आणि गाडी जमिनीपासून किती उचलायची, एवढाच प्रश्न. पण टिकाराम त्यावर असा बसला, जसं काही गावाचं धरणच बांधायचं होतं.

त्याच्या बहिणीचा मुलगा उमेंद्र गोंदियात टायरचं दुकान चालवतो. तो आला नि म्हणाला, "मामाजी, स्पोर्ट्स कार हाये ना! जमीन से चिपकी पायजे, तब तो मजा." मूळची तेरा इंची चाकं ठेवून त्यानं गाडी इतकी खाली बसवली की कोंबडीही वाकून गेली असती. टिकाराम खूश झाला. गावाबाहेर लोकांनी धान झोडून उरलेला पेंढा, तणीस, सडकेवर पसरलं होतं. गाडी त्यावरून गेली आणि सगळं तणीस पोटाखाली गुंडाळून घेऊन आली. दारात पोचेपर्यंत खालून धूर निघायला लागला. वच्छलाबाईनं रांजणातलं पाणी ओतलं म्हणून कोठा वाचला. त्या वर्षीची मंडई गेली.

पुढच्या वर्षी टिकारामनं उंची मोजायला स्वतःचं माप काढलं. धान मोजायची लोखंडी पायली उभी ठेवायची, ती न अडकता गाडीखालून सरकली पाहिजे. जो भेटेल त्याला तो पायली सरकवून दाखवायचा. चाकं बदलायचा, पायली सरकवायचा, पुन्हा बदलायचा. तीही मंडई गेली.

नागऱ्याहून आईचा, धुरपताबाईचा फोन यायचा. म्हातारीला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ती एकच विचारायची, "कवा येशीन वो?" वच्छलाबाई म्हणायची, "गाडी झाली का येतो." फोन ठेवला की तिला स्वतःचीच चीड यायची. एसटीनं कधीही जाता आलं असतं. पण सुलोचनाबाईचं हसणं कानातून जात नव्हतं. आणि आई अजून किती मंडया पाहणार, हा विचार आला की ती कोठ्याकडे बघून दातओठ खायची.

"अजी, ते गाडी चालवाची हाये का पाटावर बसवून पुजाची हाये?"

"तू थांब वो. चाकाचं काम हाये. घाईचं नोहे."

यंदा त्यानं पंधराची मोठी चाकं घातली. पायली लीलया सरकली. टिकारामनं मिशीवर हात फिरवला.

मंडईच्या दिवशी सकाळी वच्छलाबाई नवं लुगडं नेसून निघाली. आईसाठी नव्या तांदळाचं पोतडं, चिवड्याचा डबा, अनारसे असं सगळं तिनं सीटच्या मागं कोंबलं. गाडीत आपल्याशिवाय कुणीही बसायचं नाही, असा आजवर टिकारामचा दंडक होता. आज ती पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर बसली, शेजारी तो बसला. गाडी कुरकुरत खाली गेली. दहा पावलांवर डावं चाक मडगार्डला असं घासलं की शेजारचं कुत्रं ओरडत पळालं.

टिकाराम उतरला. पायली आणली. पायली अडकली. त्यानं पुन्हा सरकवली, पुन्हा अडकली.

"असं कसं झालं? कालपर्यंत जाऊन राहिली होती!"

जन्मभर ज्यानं बैलगाडी हाकली त्याच्या हे डोक्यात येणार कुठून? बैलगाडीत दहा पोती टाका नाहीतर वऱ्हाड बसवा, तिची उंची बोटभर कमी होत नाही. त्यानं मोजली ती स्प्रिंगच्या कमानींवरची, वजनानं दबणारी गाडी, तीही रिकामी.

तो डोकं खाजवत उभा राहिला आणि मग जे बोलला ते कुठल्याही शहाण्या नवऱ्यानं बोलू नये. "वच्छला, तू असं कर. तू एसटीनं ये पोतडं घेऊन. मी गाडी घेऊन येतो. रिकामी बराबर चालते."

वच्छलाबाईचं डोकं फिरलं. "मंग कोनासाठी केली जी गाडी? पायलीसाठी? दोन मंडया माही माय वाट पाहून राहिली, आन् तुमी मले एकडाव बसवून नाई पाह्यलं! मी आता उतरत नाई. करा काय करता ते."

आणि ती खरंच उतरली नाही. पदर डोक्यावर ओढून, डबा मांडीवर घेऊन ती सीटमध्ये गच्च बसून राहिली. आल्यागेल्यानं विचारलं तर म्हणायची, "नागऱ्याले जाऊन राहिलो." टिकारामनं हात टेकले. तिच्यासकट गाडी जॅकवर उचलली. पंधराची चाकं काढून मूळची तेराची लावली, आणि डाव्या कमानीत एकेक लोखंडी पाटा वाढवत गेला. प्रत्येक पाट्यानंतर पायली. ती वरून विचारायची, "गेली का?" तो खालून म्हणायचा, "नाई. हालू नको." दुपार कलली तेव्हा पायली सरकली.

नागऱ्याला पोचले तेव्हा मंडई उठली होती. दुकानं आवरत होती. सुलोचनाबाई दारात आली, पण हसायचं तिला सुचलं नाही. धुरपताबाई काठी टेकत ओट्यावरून उतरली, तिनं गाडीकडे बघितलंच नाही. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "एसटी उशिरा आली का वो?" म्हणाली.

वच्छलाबाई रडली आणि लगेच नवऱ्यावर ओरडली, "पोतडं उतरवा ना जी, पाहता काय?"

आता टिकाराम एकटा गाडी घेऊन निघतो तेव्हा ती एका बाजूला तिरपी दिसते, डावीकडून चांगली वर उचललेली. केशोरीतली पोरं हसतात. उमेंद्र दर वेळी म्हणतो, मामाजी, ते पाटे काढा, गाडी सरळ करून देतो.

"सरळच हाये," टिकाराम म्हणतो. "तुही मामी बसाची हाये अजून."