दोन्हींचा अर्थ भयंकर

पाकिस्तानशी लढाई लागली तशी आमच्या जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तिसरी पाळी सुरू झाली. तिथल्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. घरी मराठी, शाळा हिंदी, इंग्रजी नोकरीपुरतं. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट गोहलपूरच्या मुसलमान मोहल्ल्यातली, मिशनच्या शाळेत शिकलेली. डबा आम्ही एकत्र खायचो. पण तिचे मामा फाळणीत पलीकडे गेलेले, त्यामुळे हल्ली ती आली की लोक बोलणं थांबवायचे. मीसुद्धा.

एक दिवस सुरक्षा अधिकाऱ्याने मला बोलावलं. समोर मी टाइप केलेलं पत्र, एका शब्दाभोवती लाल गोल. तिसऱ्या पाळीला कामगारांचा प्रतिसाद ‘टेरिबल’ आहे, असं वर कळवलं गेलं होतं. मसुदा आमच्या साहेबांचा, पण टाइप झाल्यावर त्यांनी न वाचताच सही केली होती.

“साहब ने टेरिफिक लिखा था. किसने बदला?”

“मैंने नहीं,” मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

“मशीन के पास और कौन बैठता है?”

मी तिचं नाव घेतलं.

तिला आत नेलं. तिची पर्स टेबलावर उलटी केलेली मला दारातून दिसली. मी फाइलमधून साहेबांचा मसुदा शोधून काढला. त्यात ‘टेरिफिक’च होतं, आणि खाली माझ्या पेन्सिलीने लिहिलेलं ‘भयंकर’.

मग आठवलं. शब्द अडला म्हणून मी डिक्शनरी उघडली होती. टेरिफिक, भयंकर. टेरिबल, तेही भयंकर. आमच्या घरी तर आनंदसुद्धा भयंकर व्हायचा. मी आपला ओळखीचा शब्द टाइप करून मोकळी झाले होते.

खोडरबर हातात घेतलं होतं, हे लपवत नाही. पण ठेवलं, आणि कागद घेऊन आत गेले.

अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला. “दोनों में फ़र्क़ क्या है?”

तीच म्हणाली, “एक में तारीफ़ है, एक में शिकायत.”

मला लेखी ताकीद मिळाली. तिला मात्र त्याने मामांचा पत्ता लिहून द्यायला लावला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आप मुझसे पूछ लेतीं.” तोवर तिने मला कधी ‘आप’ म्हटलं नव्हतं.

घरी आईने विचारलं, “काहून जेवून नाही राहिली?” डोकं दुखतंय म्हणाले.

महिन्याभरात तिने दुसऱ्या सेक्शनला बदली मागून घेतली. जाताना सगळ्यांना नमस्ते केलं. मी मान खाली घालून टाइप करत राहिले.