कुलूप लावलेली संध्याकाळ

मी वडगावातून निघाले त्या दिवशी शेजारणी हातमाग थांबवून दारात आल्या होत्या. आई बॅगेत स्वेटर कोंबत होती. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं ते. टेक्सासला थंडी न्हाय." मीही तोच हिशेब करून तिथल्या लायब्ररीतली नोकरी घेतली होती.

पहिली काही वर्षं आप्पांचं खरं ठरलं. मग हवामान बिघडलं. उन्हाळे लांबले, आणि हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडची हवा मधूनच थेट आमच्यापर्यंत घसरू लागली. पाइप फुटले, वीज गेली. इथंच जन्म काढलेले म्हातारेही म्हणत, असं कधी पाहिलं नाही. पक्क्या घरांचे हे हाल, तर ज्यांना घरच नव्हतं त्यांचं काय!

वॉल्टर त्यांच्यातले एक. सत्तरीचे. रोज खिडकीपाशी पेपर वाचत, सहा वाजता 'थँक यू, मॅम' म्हणून निघत. थंडीची लाट आली त्या संध्याकाळी ते उठेनात. "आज इथंच राहू का?" त्यांनी विचारलं. मी मॅनेजरला फोन केला. नियम तो नियम. त्यांना बाहेर जायला सांगून मी कुलूप लावलं.

सकाळी ते बस स्टॉपवर सापडले. जीव वाचला, पण डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझी नोकरी हाय, खरं हाय. पण माणूस दारात हुता न्हवं?"

दोन महिन्यांनी वॉल्टर काठी टेकत आले. मी माफी मागितली. "तू तुझं काम केलंस," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या हिवाळ्याआधी मी सिटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये बोलायला उभी राहिले. एकदा नाही, तीनदा. गाव सोडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, परक्या गावात 'हे चुकतंय' म्हणायला किती धीर लागतो. वॉल्टरच्या पायाचं सगळं सांगितलं. शेवटी परवानगी मिळाली. आता कडाक्याची थंडी पडणार असली की लायब्ररी रात्रभर उघडी असते.

यंदाच्या जानेवारीत कपाटांच्या मधे अकरा जणांची अंथरुणं पडली होती. वॉल्टर सूप वाढत होते. तेवढ्यात आप्पांचा फोन आला. तिकडं नुकतं उजाडलेलं.

"कुठं हायस गं? काम सुटलं न्हाय अजून?"

लायब्ररीत आहे, असं मी सांगणार होते. तोंडून निघालं, "घरीच हाय, आप्पा."