संस्थेच्या मेलचे मानकरी

आमच्या शिक्षणसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळते. नेमणूकपत्रावर माझ्या पदाचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण सगळे मला 'संगणक मॅडम' म्हणतात, आणि वीज लागणारी कुठलीही वस्तू बिघडली की मलाच हाक मारतात. मागं वॉटर कूलर गळायला लागला तरी निरोप मलाच. सर्व्हर म्हणजे लिनक्सचं एक जुनं मशीन. स्टोअररूमच्या शेजारच्या खोलीत, एका बाजूला जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला स्नेहसंमेलनाचा मखमली पडदा, यांच्या मधे ते बसलेलं असतं. त्याला एसी आहे. मला नाय, मी त्याच्याच एसीत बसते.

एका सोमवारी आवक-जावक सांभाळणाऱ्या ताई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आत येत नाहीत, गार वारं सोसत नाय म्हणतात. त्यांची लेक आमच्याच कॉलेजातून बीएस्सी झालेली. तिला परदेशातल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली होती, शिष्यवृत्तीसकट. एकच गोष्ट राहिली होती. ते विद्यापीठ आमच्या कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर एक मेल पाठवणार, त्यातली लिंक उघडून कॉलेजनं 'व्हय, ही आमचीच विद्यार्थिनी' एवढं कळवायचं. शुक्रवारपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आणि विद्यापीठ म्हणत होतं की मेल पाठवला तो परत आला, तुमच्या कॉलेजचा पत्ताच खोटा दिसतो.

"मॅडम, खोटा कसा असंल? गेटच्या पाटीवर लिवलाय ना तो," ताई म्हणाल्या.

पत्ता खरा होता. त्याच्यामागची माणसं कामाची नव्हती. ते कसं ते सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळंल. कार्यालयाच्या त्या पत्त्याला स्वतःची पेटी नाय. त्याच्यावर मेल आला की सर्व्हर एक यादी बघतो आणि यादीतल्या प्रत्येकाला एकेक प्रत धाडून देतो. याला एलियास म्हणतात. इतर ठिकाणी ती यादी एका ओळीची असते. आमच्याकडं ती लग्नपत्रिका आहे.

सगळ्यात वर संस्थापक अध्यक्ष. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या खाली त्यांचे चिरंजीव, म्हणजे हल्लीचे अध्यक्ष. मग उपाध्यक्ष, माजी उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, एक सल्लागार, आणि आणखी एक सल्लागार, कारण पहिल्याला घेतलं म्हणून ते रुसले होते. शेवटी प्राचार्य, तेही मागचे, निवृत्त झालेले. आत्ताचे प्राचार्य प्रभारी असल्यामुळं त्यांचं नाव घालायची कुणाची छाती नव्हती. थोडक्यात, रोज कॉलेजात पाऊल टाकणारा एकही माणूस त्या यादीत नव्हता.

तुम्ही म्हणाल, बदल की मग बाई, फाईल तुझ्याच हातात आहे. बदलली होती ना एकदा. माजी उपाध्यक्षांचं नाव काढलं होतं, कारण ते माजी होते. यादीची प्रिंट नोटीस बोर्डावर लागते, तिच्यात आपलं नाव नाय हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. ते गाडी भरून माणसं घेऊन आले, माझ्या खुर्चीत बसले, आणि भरल्या गळ्यानं सांगायला लागले की या इमारतीची पहिली वीट बसली तेव्हा आपण इथं उभे होतो आणि आज एक बाई बटण दाबून आपल्याला घराबाहेर काढते. त्या पत्त्यावरचा एक मेल त्यांनी जन्मात उघडलेला नव्हता. पण नाव परत घालावं लागलं, वर चहा पाजावा लागला, आणि नियम झाला की यादीतलं नाव काढायचं तर कार्यकारिणीचा ठराव पाहिजे. ठरावाला बैठक पाहिजे. आणि बैठकीची सूचना जाणार कुठून, तर कार्यालयाच्या पत्त्यावरून, याच यादीला. म्हणजे मेल सुधारायला बैठक, आणि बैठक भरायला आधी मेल सुधारलेला. हे मी प्रभारी प्राचार्यांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, प्रक्रिया तर बरोबरच आहे.

मी सर्व्हरचा लॉग उघडला. कोणता मेल कधी आला, कुठं गेला, का परत फिरला, सगळं त्यात असतं, आणि गेलेल्या उत्तरांची प्रतही सर्व्हरवर राहते. विद्यापीठाचा मेल आला होता. संस्थापकांची पेटी कधीच तुडुंब भरली होती, तिथून तो 'जागा नाही' म्हणून उलट गेला, आणि तेवढं बघून विद्यापीठाच्या यंत्रानं आमच्या पत्त्यावर काट मारली. उपाध्यक्षांच्या पेटीत कुणीतरी सोय करून ठेवली होती की आलेलं सगळं कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवायचं. म्हणजे कार्यालयाकडून त्यांच्याकडं, त्यांच्याकडून कार्यालयाकडं, असे हेलपाटे घालून घालून शेवटी सर्व्हरनं हात टेकले आणि तो मेल टाकून दिला. अध्यक्ष, माजी उपाध्यक्ष, सचिव आणि दोन्ही सल्लागार यांच्या पेट्यांत तो पोहोचला आणि तसाच न उघडता पडून राहिला. कोषाध्यक्षांचे मेल सोयगावला त्यांच्या भाच्याच्या फोनवर जातात, त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. त्या बहाद्दरानं विद्यापीठाला उत्तर धाडलं होतं की भाव कळवा आणि माल कुठपर्यंत पोहोच देता. आणि निवृत्त प्राचार्यांनी गारखेड्यातल्या आपल्या घरून उगवत्या सूर्याचं चित्र पाठवून 'सुप्रभात' म्हटलं होतं.

मला हसू आवरेना. खुर्चीत वाकून हसले मी. ताई दारातच होत्या, त्या हसल्या नाहीत.

"मंग माझ्या लेकराचं काय, मॅडम?"

त्यावर माझं हसू कुठल्या कुठं गेलं. लाज वाटली आणि मग सणकून राग आला, त्या यादीचा, त्या सूर्याचा आणि माझाही.

मंगळवारी ताईंना स्कुटीवर मागं बसवलं आणि घाट चढून खुलताबादकडं निघाले. अध्यक्ष तिकडं शेतावर असतात. पेरूच्या बागेत बाजेवर बसले होते, समोर लग्नपत्रिकांचा ढीग, पुतण्याचं लग्न होतं. ताईंनी बाजूला उभं राहून नमस्कार केला. मी सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोरगी हुशार दिसते म्हणाले, पेरू दिले. आणि वडिलांचं नाव काढायचा विषय निघाला तसे त्यांचे डोळे बदलले. ज्या माणसानं ही संस्था उभी केली त्याला मी त्याच्याच संस्थेच्या यादीतून काढू? आणि ते पण का, तर त्याची पेटी भरली म्हणून?

माझ्या तोंडावर आलं होतं की साहेब, पेटी भरली कारण ती उघडणारा गेला. पण जीभ आवरली. समोरची पत्रिका उचलली. सगळ्यात वर कै. लावून पणजोबा, आजोबा, सगळे ओळीनं होते.

मी म्हणाले, "साहेब, हे थोरले लोक पत्रिकेत सगळ्यांच्या वर असतात. पण पंगतीत त्यांचं ताट मांडतो का आपण?"

मग त्यांना सांगितलं की फाईलमध्येही तशीच सोय आहे. फोनवर शून्याच्या शेजारी ती जाळीसारखी खूण असते, दोन उभ्या दोन आडव्या रेघांची. ती ओळीच्या सुरुवातीला टाकली की ओळ जागच्या जागी राहते, दिसते, छापून येते, पण सर्व्हर ती सोडून पुढं जातो. नाव निघत नाय, त्यामुळं ठरावही लागत नाय.

बाजेवर पडलेल्या साहेबांच्या फोनवर न वाचलेल्या मेलांचा लाल आकडा होता, तिकडं त्यांची नजर गेली.

"म्हणजे नाव वरच राहणार, आणि मेल येणार नाहीत?"

"व्हय साहेब."

"मग माझ्या नावापुढं बी लावा ती खूण."

बुधवारी सकाळी मी दोन्ही नावांना जाळी लावली, मशीनला नवी यादी वाचायला लावली, प्रिंट बोर्डावर चिकटवली. दुपारपर्यंत फोन सुरू. सचिव विचारत होते, अध्यक्षांच्या नावापुढं काहीतरी आहे आणि आमच्या नाय, हा काय प्रकार. मी खरं तेच सांगितलं, की साहेब, ती लावली तर तुम्हाला मेल येणार नाहीत. मला वाटलं आता तरी नको म्हणतील. ते म्हणाले, मग लावाच. उपाध्यक्ष म्हणाले, लावाच. कोषाध्यक्षांच्या वतीनं सोयगावहून भाचा बोलला, त्यानं तर माझे आभार मानले. निवृत्त प्राचार्यांनी होकार म्हणून एक फूल पाठवलं. दोघा सल्लागारांना आधी कुणाला लागते याची काळजी होती, म्हणून मी दोघांना एका दमात लावली. माजी उपाध्यक्ष स्वतः आले. खुर्ची मी आधीच रिकामी करून ठेवली होती. ते म्हणाले, आपण या सगळ्यांच्या आधीपासूनचे आहोत, आपल्याला दोन लावा. लावल्या दोन. मशीनला काय, एक असो की दोन, ते वाचत नाय.

तर आता यादी दिसायला भरगच्च आणि आतून ठणठणीत रिकामी. सर्व्हर म्हणायला लागला की या पत्त्यामागं कोणीच नाय. प्रभारी प्राचार्यांना विचारलं, तुमचं घालू का, तर पक्की ऑर्डर आल्याशिवाय आपण थोरामोठ्यांच्या पंगतीत बसणार नाही म्हणाले. लिंकवर बटण दाबायला मात्र तयार होते, मेल दुसऱ्या कुणी आणून दाखवला तर. मी अध्यक्षांना फोन लावला. रोज येणारं कोणीतरी टाका की खाली, ते म्हणाले. मी म्हणाले, रोज ताई येतात, आवक-जावकच्या.

"टाका. पण सगळ्यात खाली टाका."

ते 'सगळ्यात खाली' मला झोंबलं. ताईंना झोंबलं का ते मला कळलं नाय. त्यांनी फक्त नाव बरोबर लिहिलंय ना ते पडद्यावर वाकून बघितलं, त्यासाठी पहिल्यांदा एसीत आत आल्या. संध्याकाळी धाकटे सल्लागार बोर्डापुढं उभे राहून विचारत होते, या बाईंना खूण का नाही दिली. मी म्हणाले, त्या अजून कामात आहेत. त्यांना ते पटलं.

गुरुवारी लेकीनं विद्यापीठाला विनंती केली की आमच्या पत्त्यावरची काट काढा आणि एकदाच परत पाठवा. शुक्रवारी डबा खाऊन झाला तरी काही नाय. मी लॉग उघडून बसले होते, नुसती बघत. मग ताईंचा फोन आला. एरवी 'जय भीम मॅडम' म्हटल्याशिवाय त्या बोलायला सुरुवात करत नाहीत, त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, आला. मी पायऱ्या उतरून पळाले. प्रभारी प्राचार्यांनी चष्मा पुसला, सगळं दोनदा वाचलं, टिपणी कुठाय विचारलं. टिपणी ताईंनी सकाळीच करून ठेवली होती. मग त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर 'नोंद झाली' अशा अर्थाचं काहीतरी आलं. ताई खाली बसल्या, पाणी प्यायल्या, आणि उठून त्यांनी त्या मेलला आवक क्रमांक टाकला.

पोरगी परदेशी गेली. ताईंनी तिला यातलं काही सांगितलं नव्हतं, मोठ्या लोकांनी मनावर घेतलं म्हणून काम झालं, एवढंच. आपलं नाव त्या यादीत असल्याचंही नाय.

थंडीच्या दिवसांत कार्यालयाच्या पत्त्यावर तिचा मेल आला. माननीय अध्यक्ष, माननीय उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, दोन्ही सल्लागार, सगळ्यांना मानानं नमस्कार घालून तिनं लिहिलं होतं की आपण वेळात वेळ काढून माझ्यासाठी धावपळ केलीत, तुमच्यामुळं मी इथं आहे, प्रयोगशाळा चांगली आहे, बर्फ पडतो. शेवटी आवक-जावक विभागाचेही आभार होते. सर्व्हर एकेक मानकरी ओलांडत खाली आला आणि त्यानं तो मेल ताईंच्या पेटीत ठेवला.

ताईंनी तो वाचला, पदर डोळ्यांना लावला, आवक केला. आणि आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे हा त्यांचा नियम, म्हणून लगेच टाईप करायला बसल्या. पाठवायच्या आधी मला दाखवलं, इंग्रजी नाय मॅडम, चालंल ना म्हणून. आपले पत्र मिळाले. आपली प्रगती वाचून व्यवस्थापन मंडळास अत्यानंद झाला. तरी आपण बाहेर जाताना कानटोपी घालावी व रात्रीचे जेवण टाळू नये, ही विनंती. खाली सही नव्हती, 'कार्यालय' एवढंच. चालंल, मी म्हणाले.

उत्तर त्याच दिवशी आलं. ताईंनी त्याला आवक क्रमांक टाकला आणि पडदा माझ्याकडं वळवला. यावेळी वर एकाही माननीयाचं नाव नव्हतं.

"घातलीय, आई. जेवले पण."